प्रसादाचं घड्याळ

भावजी, लोक अजून येतातच आहेत. तेरावं झालं, आता वर्दळ कमी होईल असं वाटलं होतं, तर काल तुमच्या जुन्या ऑफिसातले दोघं आले. चहा ठेवला. ‘माणूस फार चांगला होता हो,’ म्हणाले. मी हो म्हटलं. तुम्ही चांगले होतात हे मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता त्या वाक्याचा कंटाळा आलाय. चांगले होतात, पण हट्टी होतात, आतल्या गाठीचे होतात, आणि माझ्याशी चाललेलं एक भांडण अर्धं टाकून निघून गेलात. हे मात्र कुणी बोलत नाही.

म्हणून मीच बोलते. शीलाला फोनवर काही सांगावं तर ती लगेच रडते. नवरा गेलाय तिचा, तिनं रडायचं नाही तर काय करायचं. आणि तुमच्या दादांशी काय बोलावं हे मला सध्या कळत नाही. तुम्ही गेल्यावर घरात एक गोष्ट उघड झाली, भावजी. ती तुम्हाला माहीत होती, त्यांना माहीत होती, आणि इतकी वर्षं एकटी मीच बाहेर होते.

भांडण आपलं घड्याळांवरून. लग्न होऊन मी लालबागच्या त्या दोन खोल्यांत आले आणि थोड्याच दिवसांत फोर्टातल्या परदेशी घड्याळांच्या शोरूममध्ये लागले. घरात सगळ्यांना वाटायचं मी घड्याळं विकते. मी कधीच विकली नाहीत. मी मागच्या काउंटरला, दुरुस्तीची घड्याळं घ्यायला. पहिल्या पगाराच्या दिवशी तुम्ही विचारलंत, ‘वहिनी, तुमच्याकडच्या घड्याळात तास कितीचा असतो?’ मी भोळेपणानं म्हटलं, ‘साठ मिनिटांचा.’ तुम्ही आपला मनगटावरचा चावीचा जुना डबा दाखवलात आणि म्हणालात, ‘याच्यात पण साठच आहेत. मग बाकीचे पैसे कसले?’ तेव्हापासून जे सुरू झालं ते झालंच.

मी तुम्हाला काय काय समजावलं! आतला एकेक भाग माणूस हातानं घासतो. जी बाजू कुणाला कधी दिसणार नाही तीही घासतो. आज घेतलेलं घड्याळ तुमच्या नातवानं आणलं तरी आम्ही उघडू, त्याचा भाग कारखान्यातून मागवू, परत चालू करून देऊ. नक्कल बंद पडली की ती कचऱ्यात जाते, तिला कुणी वाली नसतो. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात आणि शेवटी म्हणायचात, ‘म्हणजे नातवाच्या रिपेरिंगचे पैसे मी आजच भरायचे.’ तुमच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी कॅरम खेळणं होतं.

आमच्या काउंटरचा एक रिवाज मी तुम्हाला सांगितला आणि पस्तावले. एखादं जोडपं यायचं, नवरा ऐटीत मनगटावरचं काढून पुढे ठेवायचा, आणि हातात घेताच मला कळायचं की हे ते नव्हे. पण ‘नकली’ हा शब्द आम्ही उच्चारायचा नाही. समोर बायको उभी असते, कधी मुलं असतात. आम्ही एवढंच म्हणायचं, ‘सर, याचं सर्व्हिसिंग आमच्याकडे होत नाही.’ बरेच जण समजायचे, चेहरा पडायचा, घड्याळ खिशात जायचं. तुम्ही ते वाक्य उचललंत आणि जन्मभर माझ्यावर उलटवलंत. माझी सोलकढी बिघडली की ‘वहिनी, याचं आमच्याकडे होत नाही.’ मी नवी साडी नेसून आले की तेच. शीला तोंडाला पदर लावून हसायची.

पुढे पुढे माझाही जीव त्यातून उडत गेला, ते मी तुम्हाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकं बदलली. पूर्वी लोक विचारायचे, किती वर्षं टिकेल. आता विचारतात, दोन वर्षांनी विकलं तर किती सुटतील. काही तर खरं घड्याळ लॉकरमध्ये ठेवतात आणि बाहेर त्याचीच नक्कल घालून फिरतात, चोरीला जाऊ नये म्हणून. माणसाकडे पैसा आहे, वस्तू आहे, आणि हातात मात्र खोटंच. मी घरी येऊन पाय शेकत बसायची. तुम्ही समोरून विचारायचात, ‘काय वहिनी, आज किती वाजले तुमच्याकडे?’ आणि मी परत शोरूमची बाजू घेऊन तुमच्याशी भांडायची. सवयच लागली होती म्हणा ना.

आणि असा माणूस एके वर्षी उठला आणि मंडळाच्या लिलावात परदेशी घड्याळ घेऊन आला!

ते वर्ष मला धड आठवत नाही, कारण त्याच वर्षी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. गणपतीत मी पलंगावरच होते. आपल्या गल्लीतलं मंडळ काही मोठं नव्हे, पण बाप्पा नवसाला पावतो म्हणून लोक वस्तू वाहतात. चांदीच्या दुर्वांचे हार, मोदक, साखळ्या, कधी एखादी क्रिकेटची बॅटसुद्धा. विसर्जनानंतर त्या सगळ्याचा लिलाव होतो. बाजारात मिळेल त्याच्या दीडपट-दुप्पट देऊन लोक प्रसाद म्हणून वस्तू घरी नेतात. सोन्याचांदीची पारख करायला सराफ येऊन बसतो. त्या वर्षी कुणीतरी घड्याळ वाहिलं होतं, आणि घड्याळाची पारख करणारी गल्लीतली एकच बाई छातीवर टाके घेऊन पडलेली. माईकवरून पुकारलेलं मला घरात ऐकू आलं. ‘इंपोर्टेड, ओरिजिनल!’ बोली चढत गेली. नव्या टॉवरमधला कुणी एक इरेला पेटला होता, आणि त्याच्यावर बोली लावणारा आवाज तुमचा होता, भावजी. आधी मला वाटलं औषधांनी भास होतोय.

तुम्ही घड्याळ घालूनच वर आलात. कपाळाला गुलाल, आवाज घोगरा झालेला. मी पडल्या पडल्या हात पुढे केला. ‘द्या बघू.’ तुम्ही हात पाठीमागे नेलात. ‘वहिनी, प्रसाद आहे. प्रसादाची कुणी क्वालिटी चेक करतं काय?’

त्यानंतर ते घड्याळ तुम्ही माझ्या हातात म्हणून दिलं नाहीत. दिवाळीच्या फराळाला डावा हात मांडीखाली. गौरीला आलात की बाही खाली ओढलेली. दुरून मला काटे दिसायचे, तबकडी दिसायची, पण आताशा नकला इतक्या चांगल्या येतात की दुरून कुणी छातीठोक सांगू नये. मी म्हणायची, ‘फसलात, आणि फसलात ते तुम्हाला कळायला नकोय.’ तुम्ही म्हणायचात, ‘तुम्ही बोलला नाहीत तरी तुमचं तोंड बोलतं. त्यापेक्षा नकोच.’ मी ते चेष्टेवारी नेत राहिले. घरातलं एक माणूस मात्र त्यावर कधी हसत नव्हतं.

तुमच्या ऋचाला त्याच महिन्यात पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. तुम्ही तिला सांगितलंत, या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू. लिलाव झाला तेव्हा तिला कळलं की तिच्यासाठी ठेवलेली शिल्लक गेली कुठे. पुढचं वर्ष काही आलं नाही. तिनं परळच्या एका लॅबमध्ये नोकरी धरली. तुमच्याशी ती भांडली नाही, तेच वाईट झालं. फक्त त्या मंडपात पुन्हा तिनं पाय ठेवला नाही. एकदा माझ्याकडे भांडी लावता लावता म्हणाली, ‘मोठी आई, बाबांच्या मनगटावर माझं ॲडमिशन आहे. रोज जेवताना बघते मी.’ मी तुम्हाला हे सांगितलं होतं. तुम्ही खाली बघितलंत आणि ‘हं’ म्हणालात. नुसतं हं! त्या दिवशी मला तुमचा खरोखर राग आला होता, भावजी. एवढा शहाणा माणूस, पोरीचं शिक्षण मोडून हातात बांगडी घालून फिरतो, असं मी तुमच्यादेखत ह्यांना म्हटलंसुद्धा. हे उठून गॅलरीत गेले.

गेल्या थंडीत तुम्हाला दादरला डॉक्टरकडे नेलं होतं. येताना तुम्ही म्हणालात, जरा बसू, आणि आपण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टेकलो. समोर पोरांचे नेट चालू होते. हे शेंगदाणे आणायला गेले. तुम्ही थकलेले दिसत होतात, मीही थकले होते, आणि थकलेली माणसं खरं बोलतात. तुम्ही विचारलंत, ‘आता रिटायर झालात. आता तरी सांगा. तुमचं ते घड्याळ खरंच तेवढ्याचं असतं?’

मी म्हटलं, ‘नसतं. वस्तू चांगली असते, पण तेवढ्याची नसते. वरचे पैसे माणूस दुसऱ्याच कशासाठी तरी देतो.’

मला वाटलं तुम्ही जिंकल्यासारखे हसाल. तुम्ही हसला नाहीत. मग मी विचारलं, ‘आणि तुमचं?’

‘माझं तेवढ्याचंच होतं,’ तुम्ही म्हणालात. ‘रुपयासुद्धा जास्त दिला नाही.’

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, सुटला नाही अजून हट्ट. हे शेंगदाणे घेऊन आले आणि विषय तिथेच राहिला.

तेराव्यानंतर आठवड्यानं ऋचा आली. तुमच्या रुमालात बांधलेलं घड्याळ तिनं टेबलावर ठेवलं. हे तिथेच ताट घेऊन बिरड्याचे वाल सोलत बसले होते. ऋचा म्हणाली, ‘मोठी आई, हे विकायचंय. तूच बघून सांग, कोणाकडे नेऊ. बंद पडलंय, पण चालू होईल ना?’

मी तिला म्हटलं, हे हाताच्या हालचालीवर चालतं, हातात नसलं की थांबतं. बोलून गेल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. मग मी ते उचललं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी हात पुढे केला ते शेवटी हातात आलं, आणि मला ते नको होतं. चावी फिरवली. आत वाळू असल्यासारखी खरखर लागली. पट्ट्याच्या कडा बोटाला टोचत होत्या. उघडून बघायचीसुद्धा गरज नव्हती. चांगली नक्कल होती, पण नक्कलच.

भावजी, मी बरोबर निघाले. कुणाला सांगू ते?

ऋचा माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘याचं आमच्याकडे होत नाही.’ नोकरी सुटली तरी वाक्य सुटलं नव्हतं. ती तुमची मुलगी, लहानपणापासून ते वाक्य ऐकलेली. तिला अर्थ लगेच कळला. आधी तिला हसूच आलं, विचित्र, कोरडं. म्हणाली, ‘म्हणजे ते पण खोटं? म्हणजे बाबा फसले, आणि त्याच्यापायी मी?’

‘फसला नाही तो,’ हे म्हणाले.

ताटातून मान वर केली नव्हती. वाल सोलणं चालूच होतं.

‘त्याला माहीत होतं. ते मी वाहिलेलं घड्याळ. नवस माझा होता.’

मग तुमचे दादा जे बोलले ते थांबत थांबत, मध्येच एखादा वाल बोटांतून निसटू देत. माझं ऑपरेशन चालू असताना ते हॉस्पिटलच्या जिन्यात बसून बाप्पाला बोलले होते, हिला घरी आण, तुला एक नंबरचं घड्याळ वाहीन. घड्याळच का, तर मी जन्मभर घरी येऊन दुसरं काही बोलले नव्हते. मी घरी आले. हे घड्याळ घ्यायला गेले. ‘तुझ्या दुकानात नाही गेलो, दुसऱ्या गेलो,’ म्हणाले. ‘काचेतलं एक दाखवा म्हटलं. किंमत ऐकली. त्यांच्याकडे पाणी मागितलं, प्यायलो, बाहेर पडलो.’ आणि तिथून फोर्टातल्या एका पॅसेजमध्ये जाऊन फर्स्ट कॉपी घेतली. देव काय मागचं झाकण उघडून बघणार आहे, असं मनाशी म्हणाले आणि रांगेत उभं राहून पायाशी ठेवून आले. नाव नाही, गाव नाही.

लिलावाच्या आदल्या संध्याकाळी मंडळाच्या फळ्यावर त्यांनी वाचलं, इंपोर्टेड ओरिजिनल घड्याळ. म्हणाले, ‘कोणीतरी देवाच्या नावावर फसणार, आणि तो मी फसवलेला असणार. सुहासला गाठला. म्हटलं, कमिटीला जाऊन खरं सांगतो. तर तो म्हणाला, सांगशील, मग उद्या अख्ख्या लालबागात होईल की वहिनीच्या जिवासाठी वाहिलेलं डुप्लिकेट निघालं. तिनं ऐकलं तर तिला काय वाटेल? ती अजून धड उठलेली नाही.’

ऋचानं विचारलं, ‘मग?’

‘मग गावच्या बोलीत म्हणाला, दादा, तू एक नंबरचा बोललंस ना? मगे एक नंबरचेच पैसे जांवदेत देवाकडे. तू गप ऱ्हव. मी घेतंय.’

एवढं सांगून ह्यांनी ताटातली सालं एका बाजूला सारली. नंतर हळूच म्हणाले, ‘मी त्याला पुढे पुष्कळदा म्हटलं, माझ्याकडून घे. त्यानं हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, नवस फेडलेला परत मोजतात काय?’

ऋचा उठली, घड्याळ रुमालात गुंडाळलं, चपला घातल्या आणि गेली. जाते म्हणालीसुद्धा नाही.

मी दोन-तीन दिवस तुमच्या दादांशी बोलले नाही. ठरवून नाही. तोंडच उघडेना. राग कसला करायचा? माझ्यासाठी नवस बोललेल्या माणसावर करायचा, की तो खोट्या घड्याळानं फेडायला निघाला म्हणून करायचा? माझा नवसांवर विश्वास नाही, भावजी, तुम्हाला ठाऊक आहे. मला डॉक्टरांनी वाचवलं. पण कुणीतरी जिन्यात बसून माझ्यासाठी बोललं, आणि दुसऱ्या कुणीतरी ते बोलणं खोटं पडू नये म्हणून स्वतःचं सगळं काढून दिलं, हे कळल्यावर मला रात्रभर नाही, दिवसाढवळ्या, भाजी चिरताना रडू आलं. मी तुम्हाला बांगडी घालून फिरता म्हटलं होतं. तुम्ही ते ऐकून माझ्याकडे जेवायला येत राहिलात. कसे येत राहिलात हो? मग एका सकाळी दुधाची पिशवी ओट्यावर फुटली, दोघांनाही धावावं लागलं आणि बोलणं सुरू झालं. आता आम्ही दूध, औषधं, वीज असं सगळं बोलतो. एवढ्यातच भागतंय सध्या.

तुमच्यावर मात्र माझा राग आहे. शोरूममध्ये इतकी माणसं बघितली, ज्यांनी लाखांची घड्याळं घेतली ती जगाला दाखवायला. तुम्ही खोट्या घड्याळाला खऱ्याचे पैसे दिलेत, आणि ते का दिलेत हे कुणाला दिसू दिलं नाहीत. स्वतःच्या बायकोलासुद्धा नाही. शीलाला मी परवा सांगितलं. ती म्हणाली, ‘मला वाटायचं, ह्यांना म्हातारपणी हौस सुटली.’ आणि रडली. मी तुमच्या जागी असते तर एवढं झेपलं नसतं. पोरगी समोर बसून मनगटाकडे बघतेय, आपण वरण-भात कालवतोय. ते घड्याळ काढून ठेवता आलं असतं ना? पण काढलं असतं तर दादाला वाटलं असतं तुम्हाला पश्चात्ताप झाला. म्हणून घालत राहिलात. हे मला आता कळतंय, आणि कळून उपयोग नाही.

रविवारी ऋचा आली. न सांगता आली, जेवली, ह्यांच्याशी ‘मोठे बाबा, पाणी देऊ?’ एवढं बोलली. हे तिच्याकडे बघत नव्हते. घड्याळाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. जेवणं झाल्यावर ती सिंकपाशी उभी राहिली, पाठ माझ्याकडे. ताटं घासता घासता मध्येच थांबली. नळ चालूच होता.

‘मोठी आई,’ म्हणाली, ‘बाबांनी मला विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं. आधी रडले असते. भांडले असते. पण तुझ्यासाठी होतं ना ते? मी हो म्हटलं असतं. त्यांनी मला विचारलंच नाही.’

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

भावजी, सगळ्यांची अब्रू राखलीत तुम्ही. देवाची राखलीत, दादाची राखलीत, माझ्या जिवाची राखलीत. पोरीला तेवढं लहान समजलात आणि तिचा अबोला एकट्यानं सोसत बसलात. सोसायची गरज नव्हती. ती हो म्हणाली असती.